मुलांचें शिक्षण आणि प्रवासाचा हिशेब

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं आपण मजकडून देवळाच्या इतिहासाची अपेक्षा केली असेल. परंतु तो येथील वडील मंडळींस मजपेक्षां अधिक ठाऊक आहे. मी आज घरखर्चाविषयीं बोलणार आहें.

जून महिना जवळ आला म्हणजे पालक मजकडे येतात. वसईच्या शाळेंतून मुलाचें नांव काढून तें मुंबईच्या एखाद्या नामांकित शाळेंत घालावें काय, हा त्यांचा प्रश्न असतो. फी, गणवेश, पुस्तकें, रेल्वेचा पास असा जमाखर्चही त्यांनीं मांडून आणलेला असतो. विद्यार्थ्यांचा पास सवलतींत मिळतो, म्हणून प्रवास स्वस्त वाटतो. बेरीज बहुधा बिनचूक असते. मात्र तींत मुलाचा वेळ धरावयाचा राहून गेलेला असतो.

वसई रोडहून चर्चगेट सुमारें ५२ किलोमीटर आहे. गाडींतच तासाहून अधिक वेळ जातो. स्टेशनापर्यंतची बस आणि उतरल्यावरची पायपीट धरली, तर घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत दोन तास सहज लागतात. जाऊन येऊन चार. विरार गाडीची गर्दी ज्यांनीं सोसली आहे त्यांना मी अधिक काय सांगावें! आतां २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा पाहा. त्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाचे निदान २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिलें आहे. २२० दिवसांस चारांनीं गुणलें कीं ८८० होतात. म्हणजे गुरुजनांसमोर हजार तास, आणि वाटेवर जवळजवळ तितकेच! त्याच कायद्याखालीं २०१० सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांत पांचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या व पुढील तीन इयत्तांची ३ किलोमीटरच्या चालण्याच्या अंतरांत असावी, असें म्हटलें आहे.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वींच्या एका धर्मग्रामांत एक केळीबागायतदार मजकडे आला व म्हणाला, "फादर, पोराला मोठ्या शाळेंत घालतों, तुम्ही चिठ्ठी द्या." मीं कांहींएक न विचारतां चिठ्ठी दिली, आणि मनांतून मला थोडा अभिमानही वाटला. मुलगा सहावींत जाणार होता. त्याच्या डब्यासाठीं आई पहांटे साडेचारास उठे. रात्रीं तो ताटावरच पेंगे. पण हा सर्व खर्च त्या दोघांनींच सोसला असें नाहीं. थोरली बहीण त्याच वर्षीं बारावी उत्तीर्ण झाली होती व तिला परिचारिकेचें शिक्षण घ्यावयाचें होतें. दोघांचा खर्च एकदम झेपेना, तेव्हां तिचें एक वर्ष पुढें ढकललें, आणि भावाला स्टेशनावर पोहोंचविण्याआणण्याचें काम तिच्याकडे आलें. तें एक वर्ष पुढें ढकललें तें कायमचेंच. मुलगा दोन वर्षांनीं थकून गांवच्या शाळेंत परत आला व तेथूनच चांगल्या गुणांनीं दहावी उत्तीर्ण झाला. बहिणीचें लग्न मींच लाविलें. तत्पूर्वीं भेटीस आली असतां मीं शिक्षण विचारलें. "बारावी, फादर," एवढेंच ती म्हणाली. माझ्यानें वर पाहवलें नाहीं.

दूरचें शिक्षण वाईट, असें माझें म्हणणें नव्हे. सेमिनरीसाठीं मींही घर सोडलेंच होतें. वय महाविद्यालयाचें असेल आणि हवा तो विषय जवळ मिळत नसेल, तर अवश्य जावें. मुलानें जावें आणि मुलीनेंही जावें. वसतिगृह पासापेक्षां महाग दिसतें खरें, परंतु रोजचे चार तास वांचतात, तेही हिशेबांत धरावे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चवदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं खालीं बसून खर्चाचा विचार करतो. आपल्याकडे बाप हा हिशेब उभ्याउभ्याच करतो, आणि घरांतल्यांना तो झाल्यावर कळतो. तरी यंदां सर्वांनीं एकत्र बसावें. पैसे किती, तास किती आणि कोणाच्या वांट्याचें कमी होणार, हें तिन्ही कागदावर लिहावें. चिठ्ठीसाठीं येतांना तो कागद बरोबर आणावा. घरांत थोरली मुलगी असल्यास तिलाही आणावें. मी प्रथम तिलाच विचारणार आहें.