अफूचा वाडा, गांवाचा वाडा

स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिक महासागरांत, ल्यूइस नांवाचें बेट आहे. तेथील स्टॉर्नोवे बंदरासमोर, पाण्यापलीकडे, 'ल्यूज कॅसल' उभा आहे. कॅसल म्हणतांच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें रायगड, सिंहगड येतात. परंतु येथें शत्रूला थोपविण्याचा प्रश्न कधींच नव्हता. बुरूज आहेत, ते शोभेचे. हें एका धनिकाचें राहतें घर होतें, आणि तें धन कोठलें हें शोधूं गेल्यास वाट थेट मुंबईच्या धक्क्यावर येते.

जेम्स मॅथेसन यानें हें बेट १८४४ सालीं विकत घेतलें. त्यापूर्वी १८३२ सालीं विल्यम जार्डिन याच्याशीं भागी करून त्यानें चीनमध्यें पेढी काढली होती. ती चहाही विके. पण खरी मिळकत अफूची. माळव्याची अफू मुंबईस जहाजांवर चढे, आणि ती या पेढीकडे पाठविणाऱ्यांत सर जमशेटजी जिजीभाई अग्रणी होते. त्याच व्यापारानें मुंबईस रुग्णालय दिलें आणि ल्यूइसला हा वाडा दिला.

१८४६ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला. मॅथेसननें कुळांना धान्य पुरविलें हें खरें. परंतु १८५१ पासून शेंकडों माणसांना जहाजांत बसवून कॅनडास रवाना केलें तेंही त्यानेंच. वाड्याभोंवतीं मात्र, त्या वृक्षहीन बेटावर, हौसेनें झाडी लावण्यांत आली.

१९१८ सालीं बेट घेतलें लॉर्ड लिव्हरह्यूम यानें. सनलाइट साबण ज्याचा, तोच हा कारखानदार! मासळीचा प्रचंड धंदा उभारण्याचा त्याचा बेत होता. महायुद्धांतून परतलेल्या शिपायांना मात्र नोकरी नको होती, जमीन हवी होती. त्यांनीं शेतांत शिरून ताबा घेतला. अखेर कंटाळून १९२३ सालीं त्यानें बेट रहिवाशांनाच देऊं केलें. फुकटची जमीन कोण सोडील, असें वाटेल. पण बहुतेक गांवांनीं ती नाकारली. कुळांचा हक्क कायद्यानें आधींच सुरक्षित होता, आणि मालकीबरोबर कराचें ओझें येणार होतें. स्टॉर्नोवे परगण्यानें तेवढें दान स्वीकारलें, वाड्यासह, आणि त्यासाठीं ट्रस्ट स्थापिला.

दान घेणें सोपें, छप्पर राखणें कठीण. दुसऱ्या महायुद्धांत वाड्यांत आरमाराचे लोक राहिले, १९५३ पासून तेथें कॉलेज चाललें; नंतर भिंती ओल धरूं लागल्या व दारें बंद झालीं. कित्येक वर्षें ही वास्तु गांवासमोर रिकामी उभी होती. पुढें स्थानिक कौन्सिलनें जीर्णोद्धार केला आणि २०१६ सालीं वाड्याला लागूनच वस्तुसंग्रहालय उघडलें. नृत्याच्या दालनांत लग्नें होऊं लागलीं. १९९६ सालीं सुरू झालेल्या गेलिक-केल्टिक संगीतोत्सवाचे तंबू तर याच आवारांत ठोकले जात आले आहेत.

संग्रहालयांत गर्दी होते ती बुद्धिबळाच्या मोहऱ्यांपुढें. बाराव्या शतकांत, मुख्यतः वॉलरसच्या सुळ्यांतून, कोरलेले हे मोहरे १८३१ सालीं याच बेटाच्या किनाऱ्यावर सांपडले. त्यांतील ब्याऐंशी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें मिळविले, अकरा एडिंबरोस आहेत. लंडनच्या ठेव्यांतून सहा स्टॉर्नोवेस आले आहेत, तेही उसने.