बिबट्याचा स्वभाव आणि आपले धोरण

(केंदूर येथे शेतकरी व शेतमजुरांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले व एक वृद्धा बळी पडली. ‘जनावराचा स्वभावच तो,’ असे आपण म्हणतो. परंतु हा स्वभाव उपजत किती आणि शिकलेला किती, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण उपाय त्यावरच अवलंबून आहे.

चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी 1930 साली मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आईला उंदीर मारताना पाहत वाढलेल्या 21 पिलांपैकी 18 पिले उंदीर मारणारी निघाली. एकटी वाढविलेल्या 20 पैकी 9. आणि उंदरांच्याच सोबतीत वाढलेल्या 18 पैकी केवळ 3. दबा धरणे, झेप घेणे उपजत असेल; पण भक्ष्य कोणते, हे पुष्कळसे संगोपन ठरविते.

बिबट्या त्याच कुळातला. त्याचे पिलू दीड-दोन वर्षे आईमागे हिंडते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस पसरला. त्यात आडोसा आहे, जवळ कुत्री-शेळ्या आहेत. तेथे जन्मलेल्या पिलाला ऊस हेच रान. मग ‘पकडून दूर जंगलात सोडा’ या मागणीचे काय? जुन्नर वनविभागात तेही करून झाले. तेथे 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत; स्थलांतर सुरू झाल्यावर, 2001 ते 2003 मध्ये, ते सरासरी 17 झाले.

माणसांवर हल्ले करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु धोका कोणाच्या वाट्याला येतो? वीज रात्रीची म्हणून अंधारात दारे धरणाऱ्या मजुराच्या; फडाकडेला कोपीत निजणाऱ्या ऊसतोड कुटुंबाच्या; उघड्यावर मेंढरे राखणाऱ्या धनगराच्या. साखरेचा नफा एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. शेतीला दिवसा वीज, ऊसतोड कामगारांना पक्का निवारा व शौचालय, गरिबाच्या शेळ्यांना बंदिस्त गोठा, या मागण्या म्हणूनच बिबट्याच्या प्रश्नाचाच भाग आहेत.

केंदूर-पाबळच्या कोरडवाहू पट्ट्याची पाण्याची मागणी जुनी व न्याय्य आहे. पाणी आलेच पाहिजे. मात्र त्यामागून ऊस येतो आणि उसामागून बिबट्या, हे शेजारच्या गावांनी पाहिले आहे. पाणी मागतानाच या मागण्याही मांडा. बिबट्याचे पिलू आईकडून शिकते. आपण शेजाऱ्याच्या दुःखावरून शिकलो नाही, तर दोष जनावराला देता येणार नाही.