शातो आणि हातभट्टी

हेडफोन लावलेत ना? चला.

परवा आसनगाव लोकलमध्ये मी एक रील बघत होतो. फ्रान्समधली शातो मार्गो नावाची वाइन, एका जुन्या बाटलीची किंमत लाखाच्या घरात. शेजारचे काका मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, "त्यात काय सोनं घातलंय का?"

सोनं नाही काका, यादी आहे. शातो म्हणजे गढी किंवा वाडा, आणि वाइनच्या बाबतीत द्राक्षमळ्यासकटची इस्टेट. 1855 साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी बोर्डो भागातल्या दलालांनी तिथल्या वाइनची यादी केली. कशावरून? तर बाजारात मिळणाऱ्या भावावरून. पाच दर्जे पाडले. पहिल्या दर्जात फक्त चार इस्टेटी, त्यातली एक मार्गो. पहिल्या दर्जात त्यानंतर एकाच इस्टेटीची भर पडली, तीही थेट 1973 साली!

आता गंमत ऐका. 1970 च्या आसपास मार्गोची वाइन घसरली होती. जाणकार उघड नावं ठेवायचे. पण यादीतली जागा काही गेली नाही. 1977 मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ती इस्टेट विकत घेतली, मळ्यावर आणि तळघरांवर पैसा ओतला आणि नाव परत उजळलं. म्हणजे कागदावरचा दर्जा तिची वाट बघत थांबला होता.

आणि आपल्याकडे?

माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं. फाल्गुन-चैत्रात आजी पहाटेच मोहाखाली जायची. आधी पालापाचोळा झाडून जमीन साफ केलेली असायची. रात्रभर टपटप पडलेली पिवळसर फुलं टोपलीत वेचायची, अंगणात वाळत घालायची. वाळली की मनुकांसारखी दिसायची. ती उकडून खायची, बियांचं तेल काढायचं, आणि हो, दारूही गाळायची. देवाला, लग्नाला, बारशाला.

1878 च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने दारू गाळणं आपल्या मुठीत आणलं. मग 1892 साली मोहफुलांसाठी वेगळा कायदा केला. कुठल्या जिल्ह्यांसाठी? ठाणे आणि कुलाबा. म्हणजे दारू सोडा, फुलांवरही सरकारची नजर. त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये मोहाचीच दारू गाळली जात होती. कर भरून, कायदेशीर! आजी सांगायची, तिच्या सासूने फुलं कणगीत भाताखाली लपवली होती. स्वतःच्या झाडाची फुलं, चोरीच्या मालासारखी.

फ्रान्समध्ये 1855 ला दर्जा मिळाला. आपल्याकडे 37 वर्षांनी पहारा बसला.

दारूचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, गैरसमज नको. दारूने मोडलेली घरं मी आमच्याच पाड्यावर बघितलीत. पण गूळ-नवसागराची हातभट्टी आणि चांगल्या फुलांची मोहाची यातला फरक सांगणारं कोणी उरलंच नाही. जे लपून करायचं, त्याचा दर्जा कोण तपासणार?

कॉलेजात एकाने विचारलेलं, "तुमच्याकडे हातभट्टी मिळते ना रे?" सगळे हसले. मीपण हसलो आणि विषय बदलला. तीच पोरं नंतर नाशिकला वाइन टेस्टिंगला गेली, ग्लास फिरवून फोटो टाकले. मी त्या फोटोंना लाइक केलं. आजीबद्दल एक शब्द बोललो नाही. ते अजून टोचतं.

आता वारं थोडं बदलतंय. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवायचं ठरवलं. मध्य प्रदेशात तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता मिळाली.

पण नाव फक्त सरकार देत नाही. मार्गोचं नाव आधी तिचा भाव ओळखणाऱ्यांनी केलं, कागद मागून आला. आपल्या मोहाचा भाव आपल्याला ठाऊक आहे का? कुठल्या झाडाची फुलं जास्त गोड, हे आजीला पाठ होतं. मी कधी विचारलंच नाही, आणि आता ती नाही.

तुमची आजी असेल, तर आज फोन करा. विचारा, आणि रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. जपून राहा!