थोरांचे जन्मदिवस आणि बाळाचें नांव



घरांत मूल जन्माला आलें म्हणजे पहिले दोन-तीन दिवस आनंदांत आणि धांवपळींत निघून जातात. मग एक प्रश्न हळूच त्या घरांत शिरतो, आणि बारशाच्या दिवसापर्यंत तो कोणालाच स्वस्थ बसूं देत नाहीं. बाळाचें नांव काय ठेवावयाचें? आजीच्या मनांत एक नांव असतें, आत्याच्या मनांत दुसरें. आईनें तिसरेंच एक नांव कित्येक महिने जपून ठेवलेलें असतें, आणि नेमक्या त्याच नांवाचे कडक मास्तर बाळाच्या वडिलांना शाळेंत लाभलेले असतात! इकडे पाळण्याला फुलें बांधून होतात, घुगऱ्या शिजतात, आणि आत्याबाईंनीं बाळाच्या कानाशीं तोंड नेईपर्यंत घरांतला वाद मिटलेला नसतो.

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतून या प्रश्नाचें उत्तर एका विशिष्ट रीतीनें शोधूं लागले आहेत. बाळ ज्या तारखेला जन्मलें, त्या तारखेला पूर्वी कोण थोर माणसें जन्मलीं हें पाहावयाचें, आणि त्यांच्या नांवांवरून बाळाचें नांव सुचतें कां, याचा विचार करावयाचा. वृत्तपत्रांतील दिनविशेषाचा रकाना, भिंतीवरची दिनदर्शिका, किंवा हातांतल्या दूरध्वनीचा पडदा, कोठेंही पाहिलें तरी यादी क्षणांत हातीं येते. या रीतीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ही रीत मला आवडते. परंतु ती बहुधा अर्ध्यावरच सोडून दिली जाते, असेंही मला वाटतें.

ही नवी टूम म्हणून ज्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आंठ्या पडत असतील, त्यांनीं आपल्याच पंचांगाकडे पाहावें. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्ये यांनीं १७९० च्या सुमारास रचलेल्या धर्मसिंधु या ग्रंथांत बाळाचीं चार प्रकारचीं नांवें सांगितलीं आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. यांपैकीं मासनाम आणि नाक्षत्रनाम हीं दोन्ही सरळ जन्मवेळेवरून येतात. सत्तावीस नक्षत्रें, प्रत्येकाचे चार चरण, आणि मिळून १०८ आद्याक्षरें. अश्विनीचें मूल असलें तर चु, चे, चो, ला; रोहिणीचें असलें तर ओ, वा, वी, वू. म्हणजे जन्माच्या दिवसाला नांव विचारण्याची संवय आपल्याला फार जुनी आहे. पूर्वी आपण आकाशाला विचारीत होतों, आतां इतिहासाला विचारूं लागलों, इतकाच फरक.

आणि हें कांहीं आपल्याच देशांत घडतें असें नाहीं. जर्मनींतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा. दुसऱ्या दिवशीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो दिवस संत मार्टिन यांच्या सणाचा, म्हणून मुलाचें नांव मार्टिन. आफ्रिकेंतील घाना देशांतले अकान लोक मुलाला जन्मवाराचें नांव देतात. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नांवांतलें 'कोफी' म्हणजे शुक्रवारीं जन्मलेला मुलगा. आपल्या खेड्यापाड्यांतले सोमा, मंगळ्या आणि बुधा हे या कोफीचे सख्खे भाऊच म्हणावयाचे. आणि सर्वांत जवळचें उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचें. ११ एप्रिल १८२७ या दिवशीं चैत्री पौर्णिमा होती, आणि कोल्हापुराजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरली होती. त्या देवाचें नांव बाळाला मिळालें. पुढें त्या बाळामुळेंच हें नांव महाराष्ट्रांत दुसऱ्यांदा मोठें झालें.

आतां आजची रीत कशी चालवावी तें पाहूं. उदाहरणासाठीं २३ जुलै ही तारीख घेऊं. या दिवशीं १८५६ सालीं लोकमान्य टिळक जन्मले, आणि बरोबर पन्नास वर्षांनीं, १९०६ सालीं, चंद्रशेखर आझाद. यादी पाहणारा मनुष्य येथेंच थांबतो. 'बाळ' कीं 'चंद्रशेखर' एवढाच विचार करतो, आणि दोन्ही जुनीं वाटलीं तर यादी मिटून ठेवतो. परंतु जरा आंत शिरून पाहा. लोकमान्यांचें ठेवलेलें नांव 'केशव' होतें. 'बाळ' हें घरचें हांक मारण्याचें नांव, आणि तेंच जगांत राहिलें. त्यांच्या आईचें नांव पार्वतीबाई. त्यांचा मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला मोठा ग्रंथ गीतेवरचा. म्हणजे त्या एकाच दिवसाच्या पदरांतून केशव निघाला, शेखर निघाला, आणि मुलगी असेल तर पार्वती निघाली, गीताही निघाली.

थोर माणसांना बहुधा एकाहून अधिक नांवें असतात, ही गोष्ट आईबापांच्या फार उपयोगाची आहे. १२ जानेवारी १८६३ रोजीं जन्मलेले स्वामी विवेकानंद घरांत नरेंद्रनाथ होते, आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव भुवनेश्वरी होतें. कवि कुसुमाग्रज २७ फेब्रुवारी १९१२ रोजीं जन्मले तेव्हां गजानन होते; दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. लता मंगेशकर यांचें पहिलें नांव हेमा. 'भावबंधन' नाटकांतील लतिकेवरून त्यांची लता झाली. समर्थ रामदास जन्मले रामनवमीला, पण त्यांचें पाळण्यांतलें नांव नारायण. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'वरून तर आपल्याकडे कित्येक मुलींचीं नांवें ठेवलीं गेलीं. तेव्हां केवळ प्रसिद्ध नांवाशीं थांबूं नये. त्या माणसाची आई, गुरु, गांव, नदी, ग्रंथ, या सर्वांना एकदां हांक मारून पाहावी.

तारीख आणि तिथि यांचाही घोळ ध्यानांत ठेवावा. शिवजयंती कोणी १९ फेब्रुवारीला करतात, कोणी फाल्गुन वद्य तृतीयेला. ज्ञानेश्वरांचा जन्म श्रावण वद्य अष्टमीचा सांगतात, म्हणजे गोकुळाष्टमीचाच. तुमच्या बाळाची तारीख ओसाड निघाली तर तिथि पाहा. बहुधा तेथें कोणी तरी वाट पाहत उभें असतें.

मुलीचें नांव शोधणाऱ्यांना मात्र एक अडचण येते. थोरांच्या यादींत पुरुषच पुरुष दिसतात. याचा अर्थ थोर स्त्रिया झाल्याच नाहींत असा नव्हे. पुष्कळ घरांतून मुलीचा जन्मदिवस लिहून ठेवण्याजोगा कोणाला वाटलाच नाहीं, असा आहे. म्हणून ज्या तारखा आपल्यापर्यंत पोंचल्या आहेत, त्या अधिक मोलाच्या मानाव्या. ३ जानेवारी १८३१ सावित्रीबाई फुले यांची. १३ फेब्रुवारी १८७९ सरोजिनी नायडू यांची. ३१ मार्च १८६५ डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची. त्यांचें माहेरचें नांव यमुना, आणि एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८८६ सालीं, त्यांनीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविली. २३ एप्रिल १८५८ पंडिता रमाबाईंची. १५ डिसेंबर १९०५ इरावती कर्वे यांची. त्या ब्रह्मदेशांत जन्मल्या, आणि तेथल्या महानदीचें नांव आईबापांनीं लेकीला दिलें. पुढें माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करीत त्या देशभर हिंडल्या.

मुलीच्या नांवाला इतकें महत्त्व कां, असें कोणी विचारील, तर सातारा जिल्ह्यांतील एक गोष्ट सांगतों. तेथें कित्येक घरांत मुलगा हवा असतांना मुलगी झाली म्हणून तिचें नांव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवीत. २०११ सालीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं पुढाकार घेऊन अशा अडीचशेंहून अधिक मुलींचा नांव बदलण्याचा समारंभ केला. नवें नांव निवडण्याची संधि मिळतांच कोणी देवीचें नांव घेतलें, कोणी आवडत्या चित्रपटतारकेचें. आपण शहरांतले लोक तारकेचें नांव ऐकून कदाचित् हंसूं. पण त्या मुलीच्या बाजूनें पाहा. शाळेंत रोज हजेरीच्या वेळीं 'तूं नको होतीस' असें जिला ऐकावें लागलें, तिनें उद्यां सगळ्यांना हवी असणारी एक बाई शोधली आणि तिचें नांव अंगावर घेतलें. नांव म्हणजे नुसता शब्द नव्हे, हें तिला आपल्याहून चांगलें कळलें होतें.

आतां या रीतीची दुसरी बाजू. थोर माणसाच्या तारखेला जन्मल्यानें मूल थोर होतें, असा समज कोणीं करून घेऊं नये. १२ फेब्रुवारी १८०९ या एकाच दिवशीं चार्ल्स डार्विन इंग्लंडांत आणि अब्राहम लिंकन अमेरिकेंत जन्मले. दोघांच्या आयुष्यांत त्या दिवसापलीकडे सारखेपणा शोधावा लागतो. गणिती लोक सांगतात कीं, कोठेंही तेवीस माणसें जमलीं तर त्यांतल्या कोणा तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. वर्षाचे दिवस तीनशें पासष्ट, आणि जगांत होऊन गेलेलीं थोर माणसें हजारों. तेव्हां प्रत्येक दिवशीं कोणी ना कोणी सांपडणारच. तो योगायोग आहे, संकेत नव्हे. तारीख आपल्याला एखाद्या दारापर्यंत आणून सोडते. आंत जावयाचें कीं नाहीं, तें आपण ठरवावयाचें असतें.

आणि आंत जावें तें ओळखीनें, प्रेमानें. २४ एप्रिल १९७३ रोजीं मुंबईंत कवि आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना मुलगा झाला. संगीतकार सचिन देव बर्मन यांचें संगीत त्यांना अतिशय प्रिय, म्हणून त्यांनीं मुलाचें नांव सचिन ठेवलें. बर्मन यांचा जन्म १ ऑक्टोबरचा. तारीख जुळत नव्हती, आवड मात्र खरी होती. मुलानें पुढें हार्मोनियमला नव्हे, तर बॅटला हात घातला, आणि त्यांत बापाला कांहीं कमी वाटलें नाहीं. सुनील गावसकर यांनीं आपल्या मुलाचें नांव रोहन जयविश्व ठेवलें. रोहन हें वेस्ट इंडीजचे फलंदाज कन्हाय यांच्यावरून, आणि जयविश्व हें जयसिंहा व विश्वनाथ या दोघांवरून. ज्यांचा खेळ डोळे भरून पाहिला, ज्यांच्या सहवासांत आनंद मिळाला, त्यांचीं हीं नांवें. अशा नांवामागें सांगण्यासारखी गोष्ट असते, आणि ती यादींतून मिळत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी. बाळाच्या तारखेला जन्मलेल्या थोरांची यादी जरूर काढा. परंतु तींतून नांव उचलण्यापूर्वीं त्या माणसाचें निदान एक चरित्र किंवा एक मोठा लेख घरांतल्या कोणी तरी वाचावा. वाचून झाल्यावर जर मनांत असें आलें कीं, आपलें मूल याच्यासारखें प्रसिद्ध झालें नाहीं तरी चालेल, पण याच्या अंगचा एखादा गुण त्याच्यांत उतरला तर बरें होईल, तर तें नांव पक्कें समजावें. नुसती कीर्ति पाहून नांव ठेवूं नये; विशेषतः जीं माणसें अजून हयात आहेत, त्यांची कीर्ति कोणत्या वळणाला जाईल हें कोणीं सांगावें? मुलाला नांव बदलून घेणें सोपें नसतें. तसेंच थोर माणसाचें नांव, बापाचें नांव आणि आडनांव, सगळेंच्या सगळें उचलून बाळाच्या डोक्यावर ठेवूं नये. नांव हा आशीर्वाद असावा. त्याचा करारनामा होऊं नये.

व्यवहारही विसरूं नये. ठरलेलें नांव बापाच्या नांवासह आणि आडनांवासह दहा वेळां मोठ्यानें म्हणून पाहावें. आजीला तें म्हणतां येतें कां? शेजारच्या मुलांना अंगणांतून तें ओरडतां येईल कां? ही परीक्षा जें नांव उतरेल, तेंच पाळण्यांत घालावें. आणि वडीलधाऱ्यांना पंचांगांतलें अक्षर हवेंच असेल, तर त्यांचा आग्रहही मोडूं नये. धर्मसिंधूनें चार नांवें सांगितलीं आहेत. तेव्हां एका मुलाच्या पाळण्यांत आजीच्या नक्षत्राला आणि आईच्या आवडीला, दोघांनाही जागा आहे.

पांच-सहा वर्षांनीं एके दिवशीं तें मूल शाळेंतून येईल, दप्तर टाकील आणि विचारील, "माझें नांव हेंच कां ठेवलें?" तेव्हां 'त्या तारखेच्या यादींत होतें म्हणून' एवढेंच उत्तर आपल्यापाशीं असूं नये. कोणा एका माणसाची गोष्ट सांगतां यावी, ती ऐकतांना मुलानें हातांतला लाडू खाण्याचें थांबवावें, आणि गोष्ट संपल्यावर "मग पुढें काय झालें?" असें विचारावें. ज्या घरांत ही गोष्ट तयार आहे, त्या घरानें बारशाची तारीख खुशाल ठरवावी.