जंगल कोणाच्या हाती?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जंगलाच्या विषयावर आम्ही काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण जंगलातही कामगार असतो. त्याला काम कोणत्या शर्तीवर मिळते, यावर जंगलाचे बरेचसे भवितव्य ठरते. एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

बांबूचे उदाहरण घ्या. बांबूचे बेट आतून बाहेर वाढते. जुन्या काठ्या मध्यभागी, कोवळ्या कडेला. तोडावयाच्या त्या आतल्या. राखावयाच्या त्या कडेच्या. परंतु आतली काठी गुंतलेली असते, ती काढावयास वेळ लागतो. मजुरी नगावर, आणि पुढल्या साली हे बेट कोणाकडे जाईल याचा पत्ता नाही. अशा वेळी मजूर हाताला येईल ती काठी तोडतो, कारण संध्याकाळी घरची चूल पेटावयाची असते. बेट मात्र खचते. मग शहरात बसून आपण म्हणतो, अडाणी लोकांनी जंगल खाल्ले! तेंदूच्या हंगामातही नवी पालवी लवकर फुटावी म्हणून आग लावली जाते, आणि वणव्यात कोवळी रोपे जळतात.

यावर उपाय काय? नुसता पहारा वाढवून हे थांबत नाही. 1982 पर्यंत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीकडे पाहा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. 1927 च्या कायद्याने बांबूला झाड मानले होते, नव्या कायद्याने गौण वनोपज. गाव हटले नाही. एप्रिल 2011 मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आपल्या जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्याला 2012 साली हक्क मिळाला. तेंदूसाठी फांद्या छाटाव्या लागतात, वणवे लागतात, म्हणून तेंदूचे हुकमी उत्पन्न त्या गावाने आपण होऊन सोडले आणि बांबूवर भर दिला. 'लोकांच्या हाती जंगल दिले तर ते लुटतील' असे म्हणणाऱ्यांनी एकदा पाचगावला जाऊन यावे.

आता कोळशाचे बोलू. खाणकामगार आमचाच आहे; त्याची भाकरी काढून घ्या, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण उघडी खाण जंगल मुळासकट उचलते, आणि कोळसा सरला की कामही सरते. तेंव्हा नवी खाण उघडण्यापूर्वी ग्रामसभेला मोकळेपणाने विचारा, आणि खाण मिटल्यावर त्या कामगाराने काय करावयाचे तेही आधी ठरवा. ताडोबाशेजारच्या लोहारा कोळसा प्रकल्पाचे काम 2009 साली अडले, त्यामागे या शहरातील नागरिकांचाही विरोध होता, हे विसरू नका.

आपल्याकडे मागणे एवढेच. वनजमीन दुसऱ्या कामी देण्याची बातमी वाचाल तेव्हा किती झाडे जाणार हे विचाराच. पण त्याआधी विचारा की ग्रामसभेचा ठराव कोठे आहे? हा प्रश्न शहरातून येऊ लागला, तर रानातल्या माणसाचे बळ दुणावेल.