विश्वकिरणांच्या वाटेवर : बिभा चौधुरी यांचे जीवनकार्य

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे संकलित रूप)



सेक्स्टन्स या तारकासमूहातील एका ताऱ्याला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१९ साली ‘बिभा’ हे नाव दिले. आपल्याकडे ज्या शब्दाचा उच्चार ‘विभा’ असा होतो आणि ज्याचा अर्थ तेज, तोच हा शब्द बंगाली उच्चारात. हे नाव मूलकणांचा वेध घेण्यात आयुष्य वेचणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचे स्मरण म्हणून दिले गेले. त्यांच्याविषयी हल्ली बोलले जाते ते बहुधा एकाच सुरात : ‘नोबेल पारितोषिक हुकलेली स्त्री’. हे वर्णन सहानुभूतीचे असले तरी अपुरे आहे. त्यांनी नेमके काय केले हे समजून घेतल्यावाचून त्यांना न्याय मिळत नाही.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ साली कलकत्त्यात झाला. वडील डॉक्टर होते आणि आईचे घराणे ब्राह्म समाजाचे. मुलींनी शिकावे हा विचार त्या घरात नवा नव्हता. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून त्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा त्या वर्गातील त्या एकमेव विद्यार्थिनी होत्या. संशोधनासाठी त्या देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे गेल्या. स्त्रीला देण्याजोगा विषय आपल्यापाशी नाही, असे बोस प्रथम म्हणाल्याचे सांगितले जाते. चौधुरी मात्र मागे हटल्या नाहीत. पुढे जगदीशचंद्र बोस यांच्या निधनानंतर १९३८ साली देवेंद्रमोहन बोस हे बोस संस्थेचे संचालक झाले आणि चौधुरीही त्यांच्यासमवेत तेथे गेल्या.

तो काळ मूलकणांच्या शास्त्राच्या पहाटेचा होता. जपानचे हिदेकी युकावा यांनी १९३५ साली असे भाकीत केले होते की, अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलामागे इलेक्ट्रॉनहून जड आणि प्रोटॉनहून हलका असा एक कण असला पाहिजे. अशा मधल्या वजनाच्या कणाला त्या वेळी मेसोट्रॉन म्हणत. आज ज्यासाठी प्रचंड कणत्वरक उभारावे लागतात, ते काम तेव्हा निसर्गच करीत असे. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळत आणि त्या आघातातून नवे कण जन्म घेत. प्रश्न होता तो ते कण टिपायचे कसे, हा.

१९३८च्या विज्ञान काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनास जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर बोथे आले होते. तेथील चर्चेतून बोस आणि चौधुरी यांना छायाचित्रणाच्या काचपट्ट्या वापरण्याची दिशा मिळाली. विद्युतभारित कण पट्टीवरील रासायनिक थरातून जातो, तेव्हा त्याच्या मार्गात चांदीचे सूक्ष्म कण उमटतात. पट्टी धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची एक रेषा दिसते. कण हलका असेल तर रेषा अधिक वेळा वळते, आणि त्याचा वेग मंदावला की ठिपके दाट होतात. हे वळण आणि ही दाटी मोजली की कणाचे वस्तुमान काढता येते. या पद्धतीला महागडे यंत्र लागत नव्हते. लागत होती ती तीक्ष्ण नजर आणि अपार चिकाटी.

विश्वकिरण उंचीवर अधिक मिळतात, म्हणून या पट्ट्या दार्जिलिंगला, सुमारे १२,००० फुटांवरील संदकफू येथे आणि तिबेटातील फारी जोंगला नेऊन महिनोन्महिने उघड्या ठेवल्या गेल्या. परत आणून एकेक रेषा मोजण्यात आली. १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांनी काढलेले कणांचे सरासरी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट होते.

येथेच त्यांची अडचणही समजून घ्यावी लागते. त्यांच्यापाशी होत्या त्या ‘हाफटोन’ पट्ट्या. अधिक संवेदनशील ‘फुलटोन’ पट्ट्या महायुद्धामुळे हिंदुस्थानात मिळेनाशा झाल्या. आज ठाऊक आहे की मधल्या वजनाचे कण एक नव्हे, दोन आहेत : इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असलेला म्यूऑन आणि सुमारे २७३ पट जड असलेला पायॉन. या दोहोंना वेगळे करून दाखविणे त्या पट्ट्यांच्या आवाक्यात नव्हते. युद्धानंतर इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुधारित पट्ट्या मिळाल्या. १९४७ साली त्यांनी पायॉनचे म्यूऑनमध्ये होणारे रूपांतर एकाच पट्टीवर दाखवले. युकावांचा कण तो हाच. १९५० सालचे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. आपल्या ग्रंथात पॉवेल यांनी बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कार्याचा उल्लेख केला आहे.

तेव्हा ‘नोबेल हिरावले’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पण कलकत्त्याची ही वाट योग्य होती, ती आधी चालली गेली होती आणि ती अर्ध्यावर थांबली ती बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर साधने न मिळाल्यामुळे, हे मात्र निःसंशय खरे आहे.

चौधुरी तेथे थांबल्या नाहीत. १९४५ साली त्या मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. एका विश्वकिरणापासून वातावरणात हजारो कणांचा जो वर्षाव होतो, त्याचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सिद्ध केला. १९४९ साली होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या रुजू झाल्या, त्या संस्थेतील पहिल्या स्त्री-संशोधक म्हणून. कुलाब्याची आजची वास्तू तेव्हा नव्हती. संस्थेचे काम गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये चाले. मुंबईनंतर त्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जेथे वरचा खडक बाकीचे कण अडवतो आणि भेदक म्यूऑन तेवढे खोलवर पोचतात, तेथील प्रयोगांशीही त्यांचा संबंध आला. निवृत्तीनंतर कलकत्त्यास परतूनही त्या संशोधन करीत राहिल्या. १९९१ साली त्यांचे निधन झाले. देशातील कोणत्याही विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना लाभले नाही.

मग इतक्या वर्षांनी त्यांचे नाव वर आले ते कशाच्या बळावर? त्यांच्यामागे पारितोषिक नव्हते, पद नव्हते, शिष्यांचा मोठा परिवारही नव्हता. होते ते छापील निबंध : कोणत्या उंचीवर, कोणत्या पट्टीवर, किती रेषा मोजल्या आणि काय आढळले, याची प्रामाणिक नोंद. ती नोंद होती म्हणूनच पुढच्या अभ्यासकांना त्यांचा वाटा दाखवून देता आला.

पालकहो, शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांचे एक जर्नल असते. ‘येणारे उत्तर’ आधी पाहून त्याला जुळणारे आकडे त्यात भरण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे, आणि गुणांच्या भीतीने घरूनही तिला मूक संमती मिळते. बिभा चौधुरी यांचा आकडा पुढे मिळालेल्या उत्तराशी तंतोतंत जुळला नाही. तरीही तो मोलाचा ठरला, कारण हाती असलेल्या साधनांनी जे दिसले तेच त्यांनी लिहिले. मुलाने चुकलेले पण खरे मोजमाप घरी आणून दाखवले, तर त्याला ते खोडायला सांगू नये. ते का चुकले असावे, हे त्याच्यासोबत बसून शोधावे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, शाळेसाठी काही करावेसे वाटले, तर तिच्या प्रयोगशाळेकडे प्रथम पाहावे. एका चांगल्या सूक्ष्मदर्शकाअभावी किंवा एका चांगल्या काचपट्टीअभावी काय अडते, हे या चरित्राइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.