दुकानाचा वारसा आणि दृष्टीचा वारसा



माझे वडील चौथी शिकलेले. दहावीनंतर मी कोणती शाखा निवडावी, याची चर्चा आमच्या घरी झालीच नाही. ‘खतावणी नीट लिहिता आली पाहिजे,’ या एका वाक्यावर मी बी.कॉम. झालो. यात वडिलांचा दोष नव्हता. त्यांच्या ओळखीत शिकलेली माणसे दोनच : हिशेब तपासणारे सी.ए. आणि गल्लीतले डॉक्टर.

खंत वेगळीच आहे. मी पदवीधर असूनही मुलाच्या वेळी तेच वाक्य माझ्या मुखातून आले. त्याला वनस्पतिशास्त्राची ओढ होती; तो कॉमर्सला गेला. आज तो पेढी उत्तम सांभाळतो, कधी तक्रार करीत नाही. मात्र गच्चीवरील कुंड्यांपाशी रमलेला त्याचा चेहरा पाहिला, की माझी मान खाली जाते.

आईवडिलांचे शिक्षण मुलांपर्यंत केवळ फीच्या रूपाने पोहोचत नाही. ते जेवतानाच्या गप्पांतून पोहोचते. डॉक्टरांच्या घरी प्रवेशपरीक्षेची माहिती सहज कानी पडते, आमच्या घरी कापडाचे भाव. जे क्षेत्र घरात कोणी पाहिलेले नाही, ते मुलाच्या स्वप्नातही येत नाही.

परंतु ही मर्यादा ओलांडता येते. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई आणि सरलादेवी यांनी मुलांसाठी घरीच शाळा उभारली. त्यांचे पुत्र विक्रम यांनी केंब्रिजला विज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १९४७ साली अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. वस्त्रोद्योगाच्या संशोधनसंस्थेच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. मुलगा वेगळ्या वाटेने गेला म्हणून घराण्याचा धागा तुटत नाही, हे आम्हा कापडवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

अंबालालांची संपत्ती आपल्यापाशी नसेल, पण समाज आहे. शिष्यवृत्तीबरोबरच ट्रस्टने दरवर्षी निकालापूर्वी निरनिराळ्या क्षेत्रांतील व्यक्तींना बोलावून मुलांशी त्यांची भेट घडवावी, ही नम्र सूचना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती सैल करण्याचे ठरविले आहे. आपल्या मनातील भिंती आपणच पाडावयाच्या आहेत.

माझी नात आठवीत आहे. परवा तिने पुरातत्त्वशास्त्राविषयी विचारले. मला काहीच सांगता आले नाही. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हा विषय शिकविला जातो, एवढे मी शोधून काढले आहे. येत्या सुट्टीत आम्ही दोघे तेथे जाणार आहोत. सोबत तिच्या वडिलांनाही नेणार आहे.